सगळ्या बाहुल्यांना एकच तोंड

नवरदेवाचं तोंड चुकलं होतं, आणि तेही साखरपुड्याच्या केकवर.

नांदगावच्या श्रियाचा फोन आला तेव्हा अक्षदा ओट्यावर पिठीसाखर चाळत होती. श्रिया शाळेत शिकवते, बोलणं मोजूनमापून. "ताई, केक सुरेख झाला होता. चवीला तर नाव ठेवायला जागा नाही. पण एक विचारू? रागावू नका हं. तो नवरदेव कोण होता?"

"म्हणजे?"

"नवरी अगदी माझ्यासारखी, माझी नथसुद्धा तुम्ही बरोबर घडवलीत. पण ह्यांचं काहीच जुळत नाही. चष्मा तेवढा ह्यांचा. सासरच्या आत्याबाई म्हणाल्या, आमच्या मुलाच्या जागी हा परका कोण आणून बसवलाय? मी आपलं हसण्यावारी नेलं."

अक्षदानं सगळं खापर हवेवर फोडलं. समुद्राकाठी फॉन्डंट टिकत नाही, बसकं होतं, नाक पसरतं, असं काहीबाही सांगून तिनं फोन ठेवला. फॉन्डंट म्हणजे साखरेची ती मऊ कणीक, जिची फुलं, पानं, माणसं करून केकवर बसवतात. दमट हवेत तिला घाम सुटतो हे खरं. पण घाम सुटून कुणाच्या भुवईत चीर पडत नाही. श्रियानं पाठवलेला फोटो तिनं बोटांनी मोठा केला. चष्म्यामागे रुंद नाक, हसू दाबल्यासारखं एका बाजूला गेलेलं तोंड, आणि डाव्या भुवईला मधोमध खाच. लहानपणी कातळावर कालवं काढताना पडून झालेली. अशी भुवई साऱ्या सर्जेकोट गावात एकाच माणसाची होती, आणि तो माणूस दोन वर्षांपूर्वी दर्यावर गेला तो परत आलाच नव्हता.

तो अक्षदाचा नवरा, सुदेश.

मोसम नुकता उघडला होता. दर्याला नारळ देऊन आठवडाही झाला नव्हता, आणि सुदेश नि त्याचा भागीदार निलेश दोघंच होडी घेऊन गेले. वारा फिरला, होडी पालथी झाली. निलेश रिकाम्या डिझेलच्या कॅनला धरून कसाबसा किनाऱ्याला लागला. सुदेशचं काही म्हणजे काही मिळालं नाही. दर्या कुणाचं ठेवून घेत नाही, आज ना उद्या आणून देतो, असं वाडीतली जुनी माणसं सांगतात. सुदेशच्या बाबतीत दर्यानं हा शब्द पाळला नाही.

ज्याचा देह मिळत नाही त्याच्यासाठी रीत आहे. दर्भाचा आणि पिठाचा पुतळा करायचा, त्यालाच तो माणूस मानायचं आणि अग्नी द्यायचा. सुदेशच्या चुलत्यानं, गुणाजीकाकानं, हा विषय काढून पाहिला. पण सुदेशची आई गंगू ऐकेल तर शपथ. "माझो झील जिवंत आसा," ती म्हणायची. "खंयच्यातरी परमुलखातल्या बोटीन तेका उचललानी आसतलो. आज नाय तर उद्या येतलो. तेचो पुतळो जाळलास तर तो येवन उभो खंय रवतलो?"

त्यामुळे अक्षदाच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळाला टिकली होती आणि घरात नवरा नव्हता. तिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, हे वाडीतल्या बायकांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. बोलवायचं, पण सगळ्या बायका उठल्यावर. चांगुलपणालासुद्धा माणसं कशी कात्री लावतात पाहा! अक्षदाला एकच हवं होतं. त्याचं काय ते एकदा व्हावं. तो सुटावा, आणि खरं सांगायचं तर तीही सुटावी. पण सासूच्या तोंडावर हे बोलायची तिची छाती नव्हती.

केक ती सुदेश असल्यापासून करत होती. कुडाळला जाऊन एक क्लास केला, बाकी मोबाईलवर बघून शिकली. स्पंज भट्टीतून निघाला की वर फुगलेला असतो. तो फुगा कापून केक सपाट करावा लागतो, तेव्हा कुठे वर सजावट बसते. हा कापलेला फुगा सुदेशचा. दर्यावरून आला की अंग न पुसताच मागच्या दारात उभा राहायचा आणि उभ्याउभ्या तो तुकडा चहात बुडवून खायचा. गंगू तेव्हा नाक मुरडायची. "ह्या काय खाणा? आमच्या खापरोळेची सर तरी आसा ह्याका?"

सुदेश गेला आणि तीच गंगू केक कापायच्या वेळेला हटकून स्वयंपाकघरात यायला लागली. फुगा उचलायचा, केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवायचा, पान स्टीलच्या ताटलीत ठेवायचं आणि ताटली मागच्या पायरीवर. शेजारी कपभर चहा. "येतलो तेवा भुकेन येतलो," एवढंच म्हणायची. मासे विकण्यात जन्म गेलेली बाई, एका बांगड्यासाठी गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या काढणारी, पण हे करताना तिचा आवाज इतका मऊ व्हायचा की अक्षदाला मान वर करवत नसे.

तुकडा रोज जायचा. त्यात काय मोठं? वाडीत मांजरं थोडी आहेत का? कावळे तर टपलेलेच. अक्षदानंही मनाची अशीच समजूत घातली होती. फक्त ताटली उचलताना ती ओली लागायची. ऐन दुपारी, पायरी उन्हानं तापलेली असताना, ताटलीत बोटभर पाणी असायचं. एकदा तिनं त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि लगेच पदरानं जीभ पुसली. ते खारट होतं. सासूनं मीठ टाकलं असेल, असं ती स्वतःला म्हणाली. कशाला टाकेल, हे मात्र तिनं स्वतःला विचारलं नाही.

श्रियाच्या केकनंतर ती सावध झाली. मागचे फोटो काढून बघितले. निवृत्त झालेल्या पीटीच्या सरांच्या केकवर शिट्टी वाजवत उभा होता तो सुदेश. डोहाळजेवणाच्या केकवर बायकोच्या शेजारी बसला होता तोही सुदेश. एका पोराच्या वाढदिवसाला तिनं बॅट घेतलेला क्रिकेटवाला केला होता. हेल्मेटच्या जाळीआडून सुदेशच बघत होता. लोकांच्या ते लक्षात आलं नव्हतं, कारण गिऱ्हाइकं कणकवलीची, कुडाळची. बाहुलीचं तोंड कोण निरखतो? साखर गोड लागली की झालं.

मग तिनं माणसं करायचं बंद केलं. फुलं करते म्हणाली, मासे करते म्हणाली. पण वाढदिवस आला की लोकांना माणूस हवाच. पाठमोरा करून दिला तर तक्रार, बिनतोंडाचा दिला तर जास्तच तक्रार. एका आईला डायनासोर हवा होता. अक्षदाला हायसं वाटलं. हिरवागार डायनासोर केला, शेपटी वळवली, दात बसवले, आणि रंगाचा ब्रश खाली ठेवून बघते तर त्याच्या डाव्या डोळ्यावर ती खाच. कुणी म्हणेल, हातवळण आहे, बोटांना सवय लागते. असेल बापडं. पण अक्षदानं डायनासोरला भुवई केलीच नव्हती.

अशात निलेशची बायको ऑर्डर घेऊन आली. तिच्या विराजला पाचवं लागत होतं आणि त्याला पप्पांची होडी हवी होती. होडीत पप्पासुद्धा.

"होडी करतंय," अक्षदा म्हणाली. "पण माणूस नको गो."

"असा काय करतस? पोरगो रडून घर डोक्यार घेतलो. पप्पा नाय तर होडी चलयतलो कोण?"

नाही म्हणायचं कसं? शेजारधर्म असतो, शिवाय निलेशच्या घरचं काम. तिनं निलेश अगदी जपून केला. मुद्दाम गाल फुगवले, मुद्दाम दाट दाढी लावली, अंगात त्याचा लाल टीशर्ट चढवला आणि त्याला होडीच्या मागच्या टोकाला, इंजिनाजवळ बसवला. खाली निळ्या क्रीमच्या लाटा काढल्या. तोंड पुन्हापुन्हा बघितलं. निलेशच होता. खोका बांधून ती स्कूटीवरून तिन्हीसांजेला त्यांच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, पोचली तेव्हा फुगे लावून झाले होते आणि पोरं गाणं म्हणायच्या तयारीत होती.

निलेशनं स्वतः खोका उघडला. त्याच्या हातातली प्लास्टिकची सुरी तशीच राहिली.

बाहुला इंजिनाजवळ नव्हता. तो होडीच्या पुढच्या टोकावर, नाळीवर बसला होता, आणि एक हात बाहेर पाण्याकडे सोडलेला. दाढी घसरून गळ्याशी आली होती. वरचं तोंड सुदेशचं होतं.

"ह्या तुका कोणी सांगला?" निलेश म्हणाला. आवाज त्याचा वाटेना.

"काय सांगला?"

"तो नाळीवर बसललो म्हणान. असोच. हात पाण्यात घालून. माका म्हणालो, निल्या, पाणी आज गरम लागता. आणि मगे ती लाट इली. ह्या मी कोणाकच सांगूक नाय, अक्षदा. माझ्या बायलेकसुदा नाय."

रस्ता खराब, खड्ड्यात स्कूटी उडते, बाहुला सरकू शकतो. दाढी ओली होऊन ओघळू शकते. अक्षदा हे सगळं बोलली, पण तिला स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी ऐकू येत होता. विराज सुरीला लोंबकळून "कापूया, कापूया" म्हणत होता. निलेशनं सुरी त्याच्या हातातून काढून घेतली. "मी ह्येच्या अंगार सुरी फिरवचंय नाय," तो म्हणाला, आणि घरात जाऊन त्यानं दार लावून घेतलं. पोरगं भोकाड पसरून रडलं. बायकोनं दुकानातून बिस्किटांचे पुडे आणून वेळ मारून नेली, आणि अक्षदा केक जसाच्या तसा घेऊन घरी आली.

तिनं तो फ्रिजमध्ये लपवला. पण आपलं घर केवढं आणि त्यातला फ्रिज केवढा! सकाळी गंगू नारळाचं वाटण काढायला गेली आणि दार उघडून तशीच उभी राहिली. मग खाली फतकल मारून बसली.

"इलो," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद अक्षदानं लग्नातसुद्धा बघितला नव्हता. "इलो गो माझो झील. बघ, कसो बसलो हा. थंड लागता काय रे बाबू?"

त्या दिवसापासून घराचं तंत्रच बिघडलं. गंगू दिवसातून कितीदा तरी होडीतला बाहुला काढून टेबलावर ठेवायची. त्याच्याशी बोलायची. बाजारात सुरमई काय भावानं गेली, कुणाच्या सुनेला मुलगी झाली, सगळं. बाहेरच्या हवेत आला की त्याला घाम फुटायचा. कपाळावर, नाकावर टपोरे थेंब. गंगू पदराच्या टोकानं ते टिपायची, आणि म्हणायची, "दमलो आसतलो. केवढ्या लांबसून इलो हा."

एकदा गंगू न्हाणीत असताना अक्षदानं त्याच्या कपाळावरचा थेंब बोटावर घेतला. फॉन्डंट ही नुसती साखर. तिला सुटलेला घामही गोडच असणार, ह्यात शंका घ्यायला जागा नाही. अक्षदानं तो थेंब चाखला. दर्याचं पाणी तोंडात गेल्यावर लागतं तसं लागलं. ती घाबरली, हे तर झालंच. पण आणखी एक झालं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तिला घाबरायला झालं त्याच क्षणी तिला बरंही वाटलं. दुपारी सासू आडवी झाल्यावर तिनं चहा टाकला, आणि ओतताना बघते तर समोर दोन कप भरलेले. एक तिचा. दुसऱ्यात साखर जास्त, सुदेशला लागायची तेवढी. तिनं तो मोरीत ओतून टाकला आणि कप दोनदा घासला.

निलेश सरळ गुणाजीकाकाकडे गेला होता. गुणाजीकाका म्हणजे वाडीतला जाणता माणूस. देवापुढे गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं विनवणी, घालायचा मान त्याच्या घराकडे. तो आला, पडवीत बसला, पाणी प्यायला. मागच्या दारी गंगू ताटली मांडत होती, ती त्यानं बघितली. पानावर ठेवलेला केकचा फुगा बघितला, बाजूचा चहा बघितला.

"वयनी, ह्या कोणाचा?" त्यानं विचारलं.

"सुदेशचा. आणि कोणाचा आसतला?"

"ताटात वाडलास की पानार वाडलास?"

गंगूला प्रश्न कळला नाही. अक्षदाला कळला. जित्या माणसाला ताटात वाढतात, घरात बसवून. गेलेल्याला पानावर वाढतात, बाहेर. गंगू दोन वर्षं ताटात पान ठेवून पायरीवर वाढत होती.

"जितो मानशात तर तेका घरात घेवन ताट वाडा," गुणाजीकाका म्हणाला. "गेलो मानशात तर पान वाडा आणि सोडा. तुमी दोनय केलास. रोज हाक मारतास आणि उंबऱ्यार उभो करून ठेयतास. तो आत येवक शकणा नाय आणि भायर जावक शकणा नाय. तो करतलो तरी काय? मिळात त्या बावल्यात शिरता." तो रागावून बोलला नाही, म्हणूनच ते जास्त लागलं.

गंगूनं त्याला नाही नाही ते ऐकवलं. मग पदर तोंडावर घेऊन बसली. "देवाक इचारा," शेवटी ती म्हणाली. "देव सांगात तसा."

दुसऱ्या दिवशी देवळात कौल लावला. देवाच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना पाण्यानं पाकळ्या चिकटवतात, कुठली आधी पडते ते बघायचं. उजवी पडली तर जाऊ द्यायचं, डावी पडली तर थांबायचं. अक्षदा खांबाला टेकून उभी होती. तो सुटावा म्हणून तिनं दोन वर्षं मनात नवस केले होते. पाकळी हलली तेव्हा तिच्या मुठी आपोआप आवळल्या गेल्या. उजवीच पडली.

गंगू मूर्तीकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "बरा. पण दर्भाच्या काडयेक मी झील म्हणूचंय नाय. ही सगळ्या जगाची माणसा करता. तेका करूदे. पिठाचो, पण तोच व्हयो. तोंडान तोच. मगे मी सोडतंय."

गुणाजीकाकानं मान डोलावली. दर्भ आत घाला, वरून पीठ लावा, रीत मोडत नाही, म्हणाला.

अक्षदा सकाळी बसली. तांदळाचं पीठ उकडून मळून घेतलं, मोदकाला घेतो तसं. दर्भाचा सांगाडा काकानं बांधून दिला होता. हात झाले, पाय झाले, छाती झाली. मग ती तोंडाकडे वळली.

आणि तोंड येईना.

रुंद नाक केलं, ते कुणातरी भलत्याचं झालं. ओठ एका बाजूला ओढले तर माणूस दात दुखल्यासारखा दिसायला लागला. भुवईत खाच पाडली, ती नुसती खाच राहिली. तिनं पीठ मोडून पुन्हा मळलं. पुन्हा केलं. डोळे मिटून बघितलं, त्याला आठवायला गेली तर समोर आला लग्नाच्या आल्बममधला फोटो, कॅमेऱ्याकडे बघणारा, ताठ. तो सुदेश नव्हता. दोन वर्षं नको नको म्हणताना जो बोटांतून उतरत होता, डायनासोरच्या कपाळावरही आला होता, तो आज बोलावूनही येत नव्हता. दुपार झाली. पीठ सुकायला लागलं, ती पाणी लावून ते ओलं करत राहिली, आणि कधी रडायला लागली ते तिलाच कळलं नाही. आपण त्याला विसरलो, ह्याच्याइतकी भीती तिला त्या खाऱ्या पाण्याचीही वाटली नव्हती.

गंगू दारात उभी राहून बघत होती. अक्षदाला वाटलं, आता ही बोलणार. तोंडात येईल ते बोलणार, आणि आपण ऐकून घ्यायचं.

गंगू आत आली, पाटावर बसली आणि परातीतला पिठाचा गोळा तिनं ओढून घेतला. मासे कापून कापून राठ झालेले हात. त्या हातांनी तिनं कधी साधा मोदकसुद्धा नीट वळला नव्हता. तिनं गोळा तळव्यावर घेतला, अंगठ्यानं दोन ठिकाणी दाबला, चिमटीनं एवढंसं नाक काढलं, आणि नखानं दोन बारीक रेघा ओढल्या. मिटलेले डोळे. मग गोळा कुशीवर निजवला.

ते तान्हं मूल होतं. पोट भरून झोपी गेलेलं. भुवईला खाच नव्हती, अजून पडायची होती. आणि तरी तो सुदेशच होता, अक्षदानं त्याला असा कधी बघितला नव्हता तरी तिनं ओळखला.

"माका हो असोच दिसता," गंगू म्हणाली. "मोठो झाल्यावरसुदा असोच दिसायचो." तिनं तो गोळा दोन्ही हातांनी उचलून अक्षदाच्या मांडीवर ठेवला. "हंयसरपर्यंत माझो. फुडचो तुझो. तू कर."

अक्षदानं ते तोंड सांगाड्याच्या मानेवर बसवलं. त्या बाळतोंडावरच ती हलक्या हातानं पीठ चढवत गेली. गाल भरले, जबडा आला, हसू एका बाजूला गेलं. आता तिला फोटो आठवावा लागला नाही. भुवईची खाच पाडताना गंगूनं तिचं मनगट धरलं होतं. तिन्हीसांज व्हायच्या आत सुदेश पाटावर निजलेला होता, आणि दोघी बायका त्याच्या दोन बाजूंना बसून होत्या. कुणी दिवा लावला नाही.

बायकांनी मसणात यायचं नसतं. सकाळी वाडीतल्या पुरुषांनी तशी कुजबुज केली, तर गंगूनं एकेकाकडे नुसतं बघितलं. फ्रिजमधला बाहुलासुद्धा तिनं पुतळ्याच्या कुशीत ठेवला होता. किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून वर लाकडं रचली होती. निलेश विराजला घेऊन लांब उभा होता. वारा नव्हता, पाणी गप होतं.

अग्नीच्या आधी गाऱ्हाणं. गुणाजीकाका दर्याकडे तोंड करून उभा राहिला. तो एकेक वाक्य म्हणणार आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. घरच्या प्रत्येकाचा हुंकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही, असं मानतात.

"बा दर्याच्या राजा, म्हाराजा! ह्या घरचो झील तुझ्या पाण्यात गेलो. तेका आमी मायेन धरून ठेयलो. ती आमची चूक पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आज घरच्यांनी तेका आपल्या हातान घडवलो, आपल्या हातान सोडतत. तेची वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गंगूचा आवाज सगळ्यात मोठा होता. फाटका, पण स्पष्ट.

गुणाजीकाकानं चूड पेटवली होती. ती खाली नेता नेता तो थांबला. मागे न बघताच म्हणाला, "एक आवाज कमी आसा."

सगळ्यांनी गंगूकडे बघितलं. गंगूनं अक्षदाकडे.

अक्षदाचे ओठ घट्ट मिटलेले होते. ती पुतळ्याकडे बघत होती, आणि तिला आत्ता, इतक्या उशिरा, कळत होतं. सासू अडवते, सासू ऐकत नाही, असं ती दोन वर्षं म्हणत आली. सासू तर फक्त ताटली ठेवत होती. त्याला रोज बोटांनी घडवून, नाकडोळे देऊन, जगभरच्या केकवर बसवत कोण होतं? तिनं तोंड उघडलं. शब्द येईना. एवढा एक शब्द, आणि तो मेलेल्या माणसाइतका जड झाला होता.

गंगू वाळूतून चालत तिच्याजवळ आली. रागावली नाही. तिनं सुनेचा हात आपल्या राठ हातात घेतला.

"म्हण गो बाय," ती हळूच म्हणाली. "माका एकटेक तेका सोडूक लावू नको."

"व्हय म्हाराजा," अक्षदा म्हणाली, आणि गुणाजीकाकानं चूड लावली.